न मोजलेला महिना

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी पत्रकं लिहिते. मजुरांच्या कॅम्पातल्या नळांचं, बांधकामावर ओझी वाहणाऱ्या रेजा बायांच्या मजुरीचं, दवाखान्यातल्या रांगेचं. भिलाईत भिंतीवर चिकटवलेलं जे तुम्ही वाचता, किंवा ज्यात बांधलेली भजी खाता, त्यातलं बरंचसं माझं. तेव्हा मी कुणावर तरी तुटून पडणार अशा आशेनं हे वाचायला घेतलं असेल, तर थोडी निराशा होईल. यात मी तुटून पडणार ती बहुतेक स्वतःवरच. बाकीच्यांचे आभार मानायचे आहेत, आणि ते काम मला सवयीचं नाही.

ज्या बायांना आत्ता दिवस गेलेत, ज्यांचे पाय सुजलेत आणि शेजारणी ज्यांना "मुलगाच होनार" म्हणून सांगून राहिल्या आहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

कार्ड

माझा नवरा देवराव पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये कामाला आहे. (मी नवऱ्याचं नाव घेते. ज्यांना खटकेल त्यांनी तिथं 'हे' असं वाचावं.) आम्ही भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या शेतीतून आलेले. पहिली भट्टी पेटली त्या वर्षी देवराव इथं आला, मागून मी, आणि कारखान्याच्या सेक्टरात क्वार्टर मिळाल्यावर त्याची आई. तिला मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंना अक्षर येत नाही. पण तिथी विचारा, आकाशाकडंही न बघता सांगतील.

मला दिवस गेले तशी सगळी मोजदाद त्यांनी आपल्या हातात घेतली. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागं, कुणाची नजर जाऊ नये अशा जागी, अमावस्या झाली की भिंतीवर कुंकवाचं एक बोट. एक बोट म्हणजे पोटातल्याचा एक महिना पुरा. मी हसायची. म्हणायची, आत्याबाई, दवाखान्यात कार्ड मिळतं, त्यावर सगळं लिहितात. त्या म्हणायच्या, मिळते तं आन ना मग.

आणायला मला आषाढ उजाडला. सभा होत्या, सह्या गोळा करायच्या होत्या, दुर्गच्या छापखान्यात खेटे होते. शेवटी एक दिवस आत्याबाईंनीच मला धरून दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवलं. सिस्टरनं विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती, तारीख सांगा. मी मुद्रितं तपासत होते. पत्रक कशाचं होतं तेही सांगते, कारण लाज वाटायचीच तर पुरी वाटू दे. 'प्रत्येक गरोदर बाईची वेळेवर नोंद झालीच पाहिजे.' त्या कागदावरून मान वर न करता मी म्हणाले, सासूबाईंना विचारा.

आत्याबाई म्हणाल्या, "चार बोटं झाले, पाचवा चालू हाये."

सिस्टरनं लिहून घेतलं, पाचवा महिना. माझ्याच पोटाची गोष्ट होती, आणि मी एका छपाईच्या चुकीवर पेन्सिल फिरवत होते.

खड्डा

गणपती गेल्यावर पाय सुजले. सेक्टरातल्या बाया खूश झाल्या. डावा जास्त की उजवा, यावरून मुलगा की मुलगी ठरवायला बसल्या. बोटातली अंगठी निघेना. डोकं दुखायचं, ते मी छापखान्याच्या शाईवर ढकललं. नवरात्र बसलं त्या दिवशी लिहिताना ओळीवरून काजवे उडायला लागले, ते मी चष्म्यावर ढकललं. मला चष्मा नाही. लागला असेल, असं म्हटलं.

त्याच आठवड्यात मी दवाखान्यात गेले. दाखवायला नाही, भांडायला. रांगेतल्या बायांना बसायला आणखी बाकं हवीत म्हणून निवेदन घेऊन. तीच सिस्टर होती, जबलपूरकडची, हिंदी बोलणारी. तिनं निवेदनाकडं पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडं पाहिलं. म्हणाली, बैठो. मी म्हटलं, आधी हे वाचा. तिनं मला खांद्याला धरून बसवलं, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडं बघत राहिलो.

मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. मग माझी लघवी नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. तिच्यात अंड्याच्या बलकाभोवती असतं तसं पांढरं साकळलं. डॉक्टरबाई आल्या. बंगालच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला हिंदीत सांगितलं ते असं: तुझा रक्तदाब फार वाढला आहे. ज्या वारेतून बाळाला पोसायचं ती वारच नीट चालत नाही. झटके आले तर तू जाशील आणि बाळही जाईल. याला औषध एकच, बाळ बाहेर येणं. पण आत्ता आलं तर ते फार कोवळं असेल. म्हणून तू आज इथंच राहायचंस, आडवी.

मी म्हटलं, परवा गेटसभा आहे.

त्या म्हणाल्या, सभा होईल.

हिरवा पडदा

वॉर्डाच्या कोपऱ्यात मला हिरवा पडदा लावून दिला. उजेड नको, आवाज नको, मीठ नको. दर चार तासांनी पट्टा. डाव्या कुशीवर पडून राहायचं. जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांना 'उठा' म्हणत आली, तिला सगळे मिळून 'पडून राहा' सांगत होते.

आत्याबाई रोज घरून अळणी वरण आणि मऊ भात आणायच्या. मी तोंड वाकडं करायची, त्या पुढचा घास कालवायच्या. ते दिवस त्या स्वतःही अळणीच जेवत होत्या, हे मला देवरावनं फार नंतर सांगितलं.

देवरावशी मात्र भांडण झालं. शिफ्ट सुटली की तो कोळशानं काळा झालेला तसाच यायचा, पडद्याबाहेर स्टुलावर बसायचा. एक दिवस म्हणाला, "तुले डोकं दुखते मनून कावून नाही सांगितलं? सगळ्या भिलाईले सांगत फिरतेस."

मी म्हटलं, तू विचारलंस का कधी?

"लेकरू गेलं तं तेही भितीवर चिटकवजो," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. माझ्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवत बसला, त्याच्या हाताची काजळी माझ्या पायांना लागली आणि सिस्टर त्याला ओरडली. तेवढ्यावर आमचं मिटलं.

त्या अंधारात सिस्टर मला बाळाबद्दल सांगायची. भीती घालवायला सांगत असेल, पण मला राग यायचा. हे इतकं सगळं कुणाला तरी ठाऊक असतं आणि आम्हाला कुणी सांगत नाही, याचा राग. ती म्हणाली, पाळी चुकून जेमतेम आठवडा होतो, तेवढ्यात हृदय हलायला लागतं. तेव्हा ते सगळं मिळून ज्वारीच्या दाण्याएवढं असतं. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी बोराएवढं होतं, आणि त्या बोराला कोपर असतं, गुडघा असतो. मी विचारलं, मग आईला कळत का नाही? ती म्हणाली, आईला तेव्हा फक्त मळमळतं.

मी पोटावर हात ठेवून मोजायची, आज किती वेळा हललं. दसऱ्याच्या दिवशी वॉर्डात सोनं वाटलं. त्या दिवशी ते कमी हललं.

आठवा की नववा

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी पट्टा सुटल्यावर सिस्टरनं आकडा मोठ्यानं सांगितला नाही. डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. मला समोरची खिडकी धुरकट दिसत होती, आणि बरगड्यांखाली कुणी मूठ आवळून धरल्यासारखं दुखत होतं.

डॉक्टरबाईंनी पोटावरून हात फिरवला, कार्ड वाचलं, पुन्हा हात फिरवला. मग आत्याबाईंना पडद्याआड बोलावलं आणि माझ्यासमोरच बोलल्या. त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन, कारण बहुतेक डॉक्टर बाहेर नेऊन बोलतात. त्या म्हणाल्या, हिला आता कधीही झटके येतील. पोट फाडून बाळ काढावं लागेल. पण कार्डावर आठवा नुकता लागल्याचं आहे, आणि पोटही तेवढंच लहान दिसतं. तेवढं कोवळं बाळ इथं हातात टिकणं कठीण आहे. नववा असता तर मी एक मिनिट थांबले नसते. आठवा असेल तर मला चार दिवस थांबून बघावंसं वाटतं. पण हे चार दिवस ही काढील याची खात्री मी देत नाही.

आत्याबाई लगेच म्हणाल्या, "आठव्यातलं जगत नाही, डाक्टरीनबाई. सातव्यातलं जगते, नवव्यातलं जगते. आठव्यात हात लावू देनार नाही मी."

याच समजुतीवर मी एक पत्रक लिहिलेलं आहे. चांगलं खरमरीत. त्यातलं वाक्यन्‌वाक्य मला पाठ होतं आणि त्या घडीला त्यातलं एकही कामाचं नव्हतं. आत्याबाईंना चूक ठरवून काय होणार होतं? आठवा होता की नव्हता, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पोटाच्या मालकिणीला माहीत नव्हतं.

सिस्टर मध्ये पडली. म्हणाली, अम्मा, महिना सोडा. ही शेवटची बाजूला कधी बसली ते आठवतं का?

"आठोते ना. शिवरात्रीले बसली होती. मलेच सगळं फराळाचं करा लागलं."

"उसके बाद?"

"मंग नाही. पाडव्याले गुढी तिनंच उभी केली."

सिस्टरनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. शिवरात्रीवर बोट ठेवलं आणि आठवडे मोजत खाली आली, पान उलटलं, पुन्हा मोजलं. "पैंतीस हो गए," ती म्हणाली. "नौवां चल रहा है."

"आठवा," आत्याबाई म्हणाल्या. "सात बोटं हायेत भितीवर. जाऊन पाहा."

डॉक्टरबाई एकदा कॅलेंडरकडं, एकदा आत्याबाईंकडं बघत होत्या. आत्याबाईंनी बोटांची पेरं मोजायला घेतली. फागुन. चैत. वैशाख. जेठ. आणि तिथं त्यांचा अंगठा थांबला. पेरावरून हलेना.

"धोंडा," त्या म्हणाल्या.

कुणालाच कळलं नाही. मग त्या खाली बसल्या, पलंगाचा लोखंडी पाय धरून, आणि हळूहळू बोलल्या. "यंदा जेठ दोनदा आला. पयला धोंड्याचा होता. धोंड्याच्या महिन्यात शुभाचं बोट कोनी लावते का? मी नाही लावलं. मंग पुढं तसंच मोजत गेली." त्यांनी डॉक्टरबाईंकडं मान वर करून पाहिलं. "माह्यानं चूक झाली, बाई. मी चुकली. नववाच हाये."

अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, नवं काही नाही. जावयाला जेवायला बोलावतात तेवढंच. तुमसरला माझ्या माहेरी देवरावला पुरणाचे धोंडे वाढले होते, आणि मीही सहा खाल्ले होते, कारण चार महिन्यांत पहिल्यांदाच अन्नाला चव आली होती. त्या महिन्यात पोटातल्या बोटांच्या टोकांवर रेषा उमटत असतात, असं मला नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं. ज्यांचा ठसा मी लोकांकडून निवेदनाखाली उठवून घेते, त्याच रेषा. ते लेकरू आपलं काम करत होतं. आम्ही तो महिना धरलाच नाही.

सही

मग सगळं भराभर झालं. कागद आला. त्यावर नवऱ्याची किंवा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची सही हवी होती. देवराव शिफ्टवर, निरोप गेटातून आत जाऊन तो बाहेर येईपर्यंत वेळ गेला असता. माझी जीभ जड झाली होती, पण यावर मी बोललेच. पोट माझं आहे, सही मी करणार. हा नियम या एका दवाखान्याचा नाही, सगळीकडं हाच आहे, आणि तो वाईट आहे हे मी आजही म्हणते.

डॉक्टरबाई वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, दोघींचं घेते.

मी सही केली. बोटं इतकी सुजली होती की माझंच नाव मला ओळखू आलं नाही. आत्याबाईंनी शेजारी अंगठा उठवला. घटकेपूर्वी हात लावू देणार नाही म्हणणारी बाई. शाईचा अंगठा पदराला पुसत मला म्हणाली, "भिऊ नको वो पोरी. नववा हाये आता." जणू तिनंच तो नुकता आणून दिला होता.

मी भ्यायले होते. पत्रकांत 'निर्भय' हा शब्द मी फार वापरते. नाकावर जाळी आली, गोडसर उग्र वास आला, आणि मला एवढंच आठवतं की मी सिस्टरचा हात सोडत नव्हते.

कापूस

मुलगी झाली. सेक्टरातल्या बायांचा अंदाज चुकला. चार पौंडांहून थोडी कमी. तिचं पहिलं रडणं मी ऐकलं नाही, मी बेशुद्ध होते. आत्याबाईंनी दाराबाहेर ऐकलं. कसं होतं विचारलं तर म्हणतात, मांजरावानी, पन रागात.

डॉक्टरबाईंनी तिची नखं पाहिली, बोटांच्या टोकापर्यंत आलेली होती. तळपायावरच्या घड्या पाहिल्या. म्हणाल्या, ही आठव्यातली नाही. उपाशी राहिलेली आहे, कच्ची नाही. वारेनं तिला पुरेसं दिलं नव्हतं, म्हणून पोट लहान होतं, आणि म्हणून पोटावर हात ठेवूनही कुणाला महिना कळला नव्हता. चार दिवस थांबलो असतो तर आत तिला काहीच मिळालं नसतं.

तिला कापसात गुंडाळून दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. ओढायची ताकद नव्हती, म्हणून माझं दूध पिळून थेंबाथेंबानं पाजायचं. माझा रक्तदाब चौथ्या दिवशी उतरायला लागला. तोवर सिस्टर आणि आत्याबाई दोघींनी आळीपाळीनं ड्रॉपर धरला. देवराव अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि कापसातलं ते तोंड बघून भिंतीकडं वळून उभा राहिला. सिस्टरनं त्याला स्टूल दिलं. काजळी नव्हती, तरी हात धुऊन ये म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी स्वतः ओढायला लागली. मला तेव्हा जे वाटलं ते मी लिहायचा चार वेळा प्रयत्न केला आणि चारही कागद फाडले. ज्या बायांनी लेकराला ओढताना पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही.

घरी जायच्या दिवशी मी आत्याबाईंना म्हटलं, तुमच्यामुळं वाचलो आम्ही दोघी.

त्या बाळोत्यांच्या घड्या घालत होत्या. "माह्यामुळंच तं मरून राहिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "उचल ते गाठोडं."

यावर मी खूप विचार केला. चार वर्षं मी पत्रकं लिहितेय. त्यांत कारकून चुकलेत, ठेकेदार चुकलेत, साहेब चुकलेत, देव आणि धर्मही चुकलेत. 'आमचं चुकलं' असं एकदाही आलेलं नाही. अक्षरशत्रू बाई डॉक्टरणीसमोर, सुनेसमोर, भर वॉर्डात जमिनीवर बसून 'मी चुकली' म्हणाली, आणि त्या दोन शब्दांवर एक लेकरू बाहेर आलं. तिनं मान ताठ ठेवून 'सात बोटं म्हणजे सातच' म्हटलं असतं तर तिला कुणी खोडून काढू शकलं नसतं. मी तर नाहीच. माझ्याकडं कुठली तारीख होती?

बुधवार

तर बायांनो, पाळी आली तो दिवस लिहून ठेवा. अक्षर येत नसेल तर सण लक्षात ठेवा, सणाला तारीख असते. पाय सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढं काजवे आले तर मुलगा-मुलगी ठरवत बसू नका, त्याच दिवशी जा. हे मी पत्रक म्हणून छापूनही घेतलं, ठळक अक्षरांत. बुधवारी गरोदर बायांचा दिवस असतो, तेव्हा वाटायला गठ्ठा घेऊन दवाखान्यात गेले. आत्याबाई मुलीला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

बऱ्याच बायांनी कागद घेतला, उलटा धरला, घडी करून कमरेला खोचला. शेजारी एक नवी पोर बसली होती, बालाघाटकडची, कॅम्पात राहणारी, पहिलटकरीण. तिनं तोंडावर पदर ओढून घेतला होता. मी तिला विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? ती आणखी आक्रसली.

आत्याबाईंनी माझ्या हातातला गठ्ठा काढून बाकाखाली ठेवला. मुलीला त्या पोरीच्या मांडीवर दिलं, धर म्हणाल्या, मुतली तं मुतली. पोर हसली. मग इकडचं तिकडचं बोलत, जसं काही त्यांना त्यातलं काही नकोच होतं, त्यांनी विचारलं,

"पोळ्याले बैल कोनं ओवाळले वो तुमच्या घरी?"

"सासूनं."

"तू कावून नाही?"

पोरीनं बाळाच्या टाळूकडं बघत सांगितलं, "मी बाजूला बसली होती, माय. मंग नाही बसली."

आत्याबाईंनी आत वाकून सिस्टरला हाक मारली. "लिवून घे, बाई. पोळा."